सुमीची कळी

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवासमोरही नाही — तिथे हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून परत यायची.

आमच्याकडे म्हैसुरात रेशमी साडीच्या पदराला कुच्चू घालतात. पदराचे सुटे धागे घ्यायचे, त्यात रंगीत रेशीम मिसळायचं आणि गोंडे बांधायचे. मी आणि माझी धाकटी जाऊ सुमी, दुपारी खिडकीपाशी बसून हेच करायचो. पदर मांडीवर घेतला की खोलीभर त्याचा रंग पसरायचा. निळी साडी असली की सुमीचा गळासुद्धा निळा दिसायचा. बोलणं आपोआप थांबायचं. कुणाच्या तरी लग्नात आपण पाण्यावरून चाललोय, असं वाटायचं.

तुम्ही म्हणाल, पैशासाठी करत असाल. पैसे लागतच होते. पण — कसं सांगू? मी लाजाळू. चारचौघांत माझ्याकडे कुणी बघत नसे. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात साड्या पोचवायला मी जायची. तिथली मालकीण पदर उलटून बघायची आणि मान हलवायची. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. सुमीला मात्र कुणाची मान लागत नसे. गोंडा मनासारखा झाला की ती एकटीच हसायची. मला त्याचा राग यायचा का? यायचा.

एकदा तिने नवीनच कुच्चू बांधला. टोकाला मोगऱ्याची मिटलेली कळी — जरा वारा लागला तर उमलेल, अशी. लग्नाची ती साडी घेऊन मी दुकानात गेले. नवरीची आई तिथेच बसली होती. तिने पदर गालाला लावला. "एष्टु चन्नागिदे!" म्हणाली, किती सुंदर आहे! कुणी केलं, म्हणून विचारलं. मालकिणीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

एक नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो?

घरी सुमी दारातच उभी. "अक्का, काय म्हणाल्या? नाक मुरडलं का?" ती हसतच होती.

मी पिशवी ठेवली. "गाठी सैल आहेत म्हणाल्या. नवरीला नाही आवडलं."

"हौदा?" म्हणाली ती. हो का — एवढंच.

मग तिच्या गाठी घट्ट होत गेल्या, खड्यासारख्या. खिडकीपाशी ती हसेनाशी झाली. पुढे कामच सोडलं. आता अगरबत्तीचे पुडे भरायला जाते. कळी मी वर्षानुवर्षं बांधत राहिले — गाठ मी सुधारून घेतली, असं तिला सांगितलं. दुकानात ती माझी कळी म्हणूनच ओळखतात. तिथे माना हलतात. मी घरी येते, आणि येताना हातात काही नसल्यासारखं वाटतं.

परवा सुमी तिच्या घरून आली, लेकीच्या लग्नाची साडी घेऊन. "अक्का, कळ्या तुम्हीच घाला हं. माझ्या हाताला कुठं जमतंय ते!"

अबोली रंगाची साडी आहे. निम्म्या कळ्या झाल्यात. खोलीत तोच रंग पसरलाय, सुमी बसायची त्या जागेवरही. गाठ मी कधीच सुधारली नव्हती. तिने पहिल्यांदा बांधली होती, तीच आहे.