शैलाच्या काढ्यासाठी शिकागो

"अहो, मला पुण्याचं तिकीट काढून द्या. एकेरी."

शैला हे म्हणाली तेव्हा आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, आमच्या घरी जेवत होतो. १९८५-८६चा सुमार असेल. मी "बरं" म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. एकेरी का, हे विचारलं नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी गप्प बसतो.

दोन वर्षांत ती बदलली होती. चिडायची, मध्येच उठून बाहेर जायची, मिशिगनच्या थंडीत खिडक्या उघडायची. मी उठून लावायचो. गॅसचं बिल येतं, असंही एकदा म्हणालो होतो. पाळी जाण्याच्या काळात असं होतं हे मी कुठे तरी वाचलं होतं, पण तो शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. तिच्या डॉक्टरांनी "वयाचं आहे" म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या तिला घ्यायच्या नव्हत्या.

ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. तिथल्या ग्रेस नावाच्या चिनी मैत्रिणीच्या मामाचं शिकागोच्या चायनाटाउनमध्ये औषधांचं दुकान होतं. ग्रेसच्या आईला तिथल्या काढ्याने आराम पडला होता. "तिकीट काढायच्या आधी तिथे जाऊन येऊ," शैला म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. पाच-सहा तासांचं ड्रायव्हिंग मला जमण्यासारखं होतं.

नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी सहाला निघालो. ट्रॉयहून शिकागो सुमारे तीनशे मैल. आय-९४ हायवे धरला की रस्ता चुकायला वाव नाही. तेव्हा वेगमर्यादा ताशी पंचावन्न मैलांची होती आणि मी ती पाळायचो. शैलाने तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता. कॅलमझूच्या पुढे एका रेस्ट एरियात खाल्लं. इंडियानात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे दुकान बंद होण्याची काळजी नव्हती. गॅरी गावाजवळ पोलाद कारखान्यांचा वास गाडीत येतो, तो टाळता येत नाही.

वाटेत तिने चार वेळा काच खाली केली. मी मफलर गुंडाळला.

"हीटर बंद करू का?" मी विचारलं.

"नको, तुम्हाला थंडी वाजेल."

हीटर चालूच राहिला.

चायनाटाउनमध्ये वेंटवर्थ अ‍ॅव्हेन्यूवर गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला. दुकान अरुंद होतं. भिंतभर लाकडी खण, काचेच्या बरण्या, आणि नागरमोथा, ओवा, जुनी पुस्तकं असं सगळं एकत्र केल्यासारखा वास. ग्रेसचे मामा सत्तरीचे, अंगात स्वेटर. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. शेजारी त्यांची सून बसली होती, ती प्रश्न विचारायची आणि उत्तरं त्यांना चिनीत सांगायची.

छोट्या उशीवर शैलाचा हात ठेवून मामांनी तीन बोटांनी नाडी धरली. आपल्याकडचे वैद्य धरतात तशीच. मग दुसऱ्या हाताची. बराच वेळ.

"झोप कशी आहे?" सुनेने विचारलं.

"झोप चांगली आहे," मी म्हणालो.

"जेवण?"

"व्यवस्थित."

"घाम येतो?"

"घाम कुठला? आमच्याकडे आत्ताच बर्फ पडायला लागलंय."

मामा काहीतरी पुटपुटले. सून हसली, मग चेहरा सरळ करून मला म्हणाली, "ते विचारतायत, नाडी नक्की कोणाची बघायची आहे?"

शैला माझ्याकडे न बघता बोलायला लागली. इंग्रजीतच बोलत होती, तरी ते तिचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं. रात्री दोनदा-तीनदा कपडे भिजतात. मग ती गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसते, कारण तिथलं सिमेंट गार असतं. छाती धडधडते. लॅबमध्ये वीस वर्षं वापरलेल्या उपकरणाचं नाव आठवत नाही. एकदा घरी येताना रस्ता आठवेना म्हणून ती गाडी बाजूला लावून रडली होती.

"मला वाटतं, मला वेड लागतंय," ती म्हणाली. "म्हणून मी बहिणीकडे जाणार आहे. यांच्यासमोर वेड लागायला नको."

सुनेने हे चिनीत सांगितलं. मामांनी मान हलवली आणि तीन-चार शब्द बोलले.

"वेड नाही," सून म्हणाली. "ते म्हणतात, अशा बाया रोज येतात. काल दोन आल्या होत्या."

शैलाने डोळे पुसले. मग मामा एकेक खण उघडून लहानशा दांडीच्या तराजूवर वस्तू तोलू लागले. मुळांचे काप, सालं, बोरांसारखी लाल सुकी फळं. एक पिवळा तुकडा बघून शैला मला मराठीत म्हणाली, "अहो, हे तर ज्येष्ठमध!" आणि मग सुनेला, "आम्ही शाकाहारी आहोत. यात किडे वगैरे नाहीत ना?"

"नाहीत. किड्यांचे पैसे वेगळे."

शैला हसली.

औषध अर्धा तास भिजवायचं, तीन वाट्या पाण्याचं एक वाटी होईपर्यंत मंद आचेवर आटवायचं. भांडं मातीचं किंवा काचेचं, लोखंडाचं नको. "कोण करणार?" सुनेने विचारलं. शैला म्हणाली, "मीच." मामांनी तिच्याकडे बघून नकाराचं बोट हलवलं, तिने शेगडीच्या आचेपाशी उभं राहायचं नाही म्हणे. आणि तेच बोट माझ्याकडे वळवलं.

तीन आठवड्यांची पुडकी वीस-बावीस डॉलरला मिळाली. रात्री मोटेलमध्ये राहिलो. सकाळी निघण्याआधी लेक मिशिगनच्या काठावर थांबलो. वारा बोचरा होता. शैला कोटाची बटणं सोडून उभी राहिली.

"मला कधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही खिडकी लावून झोपायचात. मग काय सांगायचं?"

मी गाडी काढली. घरी पोचेपर्यंत हीटर बंद ठेवला.

सोमवारी मी काढा करायला घेतला. मी इंजिनियर. पाऊण तास आटवत उभं राहण्यापेक्षा प्रेशर कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत काम होईल, असा मी हिशेब केला. कुकर लोखंडाचा नव्हता, म्हणजे अटही पाळली गेली. दुसरी शिट्टी झालीच नाही. लाल फळाचं साल शिट्टीत अडकलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि तपकिरी काढा छतापर्यंत गेला. शैला धावत आली. आधी छताकडे बघितलं, मग माझ्या चष्म्याकडे, आणि खुर्चीत बसून पोट धरून हसली.

"चीनमध्ये इतकी वर्षं शिट्टीशिवाय चाललं, त्याला काही कारण असेल ना हो?"

मंगळवारी काचेचं भांडं आणलं. त्यानंतर रोज संध्याकाळी पाऊण तास मी शेगडीपाशी आणि ती टेबलापाशी. मंद आचेवर दुसरं काही करता येत नाही, म्हणून ती बोलायची आणि मी ऐकायचो. कडू काढा ती नाक धरून प्यायची आणि वर गुळाचा खडा खायची.

उपयोग झाला का, असं तुम्ही विचाराल. दोन महिन्यांत तिचे उकाड्याचे झटके कमी झाले, झोप सुधारली. काढ्याने की काळाने, मला सांगता येणार नाही. तिच्या डॉक्टरांना आम्ही पुडकी नेऊन दाखवली होती, आणि तुम्हीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही घेऊ नका. मामांचं दुकान आता तिथे नाही. त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, शैला पुण्याला तीन आठवडे जाऊन आली. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट तिने स्वतःच काढलं होतं.

शैला जाऊन आता चौदा महिने झाले. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधले तरुण डॉक्टर खोलीत येऊन मला विचारायचे, दुखणं कसं आहे, झोप लागली का. ती डोळे मिटून पडलेली असायची, म्हणून त्यांना वाटायचं उत्तर मीच देणार.

"तिला विचारा," मी म्हणायचो.

मग ते वाकून तिला विचारायचे. तिला बोलायला वेळ लागायचा. आम्ही सगळे थांबायचो. ती सांगायची.