तिच्या पिक्चरमधली आई

गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी मी डाळीला ऊन दाखवायला गच्चीवर निघाले होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची मुलगी दारात आली आणि म्हणाली, "काकू, मला आई पाहिजे."

मी म्हटलं, "अगं, तुझी आई आत्ताच जिन्यात भेटली मला. भाजी घेऊन आली."

"ती नाही म्हणतेय. पिक्चरमधली आई पाहिजे."

मग आत येऊन बसली आणि सगळं सांगितलं. ती एक छोटा पिक्चर करत होती, दहा-बारा मिनिटांचा. नाच बसवणारी व्हायचं स्वप्न बघणारी एक मुलगी, घरात जागा नाही, आईची परवानगी नाही, तरी ती हिप-हॉप शिकते आणि शेवटी स्पर्धा जिंकते, अशी गोष्ट. पिक्चर मुंबईच्या एका स्पर्धेला पाठवायचा होता. त्यातल्या आईला मुलीवर ओरडायचं होतं. आणि तिच्या खऱ्या आईने साफ सांगितलं होतं, "मी तुला कधी नाचू नको म्हटलं? मग पिक्चरमध्ये खोटं का दाखवू? लोक म्हणतील, बालवाडीची बाई पोरीला छळते."

मला हसू आलं. पण मुलगी हसत नव्हती. "काकू, तुमचा चेहरा बरोबर आहे," ती म्हणाली. ही स्तुती होती की काय, ते मी विचारलं नाही.

मोशीतल्या आमच्या इमारतीत आम्ही सात-आठ वर्षांपासून राहतोय. ही मुलगी तेव्हा शाळेत होती. पुढे बी.कॉम. झाली. घरचे म्हणाले नोकरी बघ, तर हिने मारुंजीला लहान मुलांचा नाचाचा क्लास धरला. आयटीवाल्यांची मुलं. रोज दुपारी दोन बस बदलून जायची. कामावरून आमची कंपनीची बस मला सोडायची तेव्हा बऱ्याचदा ती आणि तिचे तीन मित्रमैत्रिणी पार्किंगमध्ये सराव करताना दिसायचे. ढगळ कपडे घालायचे आणि अंगाला झटके द्यायचे, हिप-हॉपबद्दल मला एवढंच माहीत होतं. खरं सांगायचं तर ही मुलगी वेळ वाया घालवते असंच मला वाटायचं. कुणापाशी बोलले नाही, एवढंच.

तरी मी हो म्हटलं. का म्हटलं, ते आजही नीट सांगता येणार नाही. चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. दिवसभर एकाच टेबलापाशी उभं राहून एकेक जोड बघायचा. मला कुणी पिक्चरमध्ये घेईल असं कधी वाटलं नव्हतं, त्याचाही मोह असेल.

पहिल्या सरावाला गेले तर कळलं की पिक्चरमधली मुलगी ती स्वतः नव्हतीच. पिंपरी कॅम्पात कपड्यांच्या दुकानात कामाला असलेली तिची मैत्रीण ते काम करणार होती. मी विचारलं, "गोष्ट तुझी, आणि तूच नाहीस?"

"ती माझ्यापेक्षा चांगली नाचते, काकू. मला नाचायचं नाही, नाच बसवायचाय."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मीच गडबडले. बावीस वर्षांची पोर. आपल्यापेक्षा दुसरी चांगली आहे हे तोंडाने म्हणायला आमच्या टेबलावरच्या बायकांना वीस वर्षं नोकरी करूनही जमत नाही.

मला ओरडणं जमेना. वाक्य होतं, "बंद कर ही थेरं!" मी म्हणायचे आणि लगेच हसायचे. नाहीतर शाळेतल्या नाटकासारखा हात वर करायचे. ती एकदाही चिडली नाही. "चुकलं" असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "परत," एवढंच म्हणायची, आणि दर वेळी एकच लहान गोष्ट सुधारायला सांगायची. आधी हात खाली. मग मान. मग दारातून दोनच पावलं.

तिसऱ्या दिवशी तिने मला थांबवलं. "काकू, तुमची उजवी टाच दुखते का?"

दुखत होती. वर्षभर दुखत होती. घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि नवऱ्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

"तुम्ही भार डाव्या पायावर घेता," ती म्हणाली. "आपण आईला बसवू. जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालतेय."

"मग ओरडू कशी?"

"बघू."

त्या एका बदलामुळे तिला सगळा नाच नव्याने बसवावा लागला. प्रसंग आमच्याच घरात घ्यायचं ठरलं होतं. आमचं घर वन बीएचके. दिवाण, फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तिथे आता मी कपडे पसरून बसणार. तिने जमिनीवर बोट फिरवून मोजलं. मैत्रिणीला नाचायला दोन फरशा उरत होत्या. मला वाटलं, आता ही म्हणेल काकू जरा सरका. ती म्हणाली, "मग दोन फरशांवर नाचू."

पुढचे तीन आठवडे दोघी पार्किंगमध्ये खडूने दोन चौकोन आखून सराव करत होत्या. पाय चौकोनाबाहेर जायचा नाही. म्हणून मग सगळा नाच खांद्यांत, कोपरांत, मनगटांत चढला. आतापर्यंत जे मला झटके वाटत होते, त्यात आता काय काय दिसायला लागलं. फ्रिजला कोपर लागू नये म्हणून आत ओढून घेतलेला हात. आईला चाहूल लागू नये म्हणून टाच न टेकता घेतलेली गिरकी. मी कामावरून आले की डबा हातात तसाच धरून खांबाला टेकून बघत उभी राहायचे. स्वयंपाकाला उशीर व्हायला लागला.

चित्रीकरण अशाच एका गुरुवारी झालं. तिचे वडील कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. फार बोलत नाहीत. त्यांनी प्लास्टिकच्या पाइपांचे रूळ केले होते आणि जुन्या बेअरिंगची चाकं लावून फळीची गाडी. तिच्यावर मोबाइल बसवला की तो न हलता पुढे सरकायचा. सकाळपासून ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उकिडवे बसून ती गाडी ढकलत होते. मुलगी त्यांना "बाबा, अजून हळू" म्हणायची आणि ते मान डोलवायचे.

माझं वाक्य आलं. "बंद कर ही थेरं." दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. खोटंच वाटत होतं. ती माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली.

"काकू, लिहिलेलं सोडा. ही तुमची मुलगी असती तर काय म्हणाल्या असतात?"

माझी मुलगी आहे. लग्न होऊन मारुंजीला असते, तिथल्याच एका कंपनीत नोकरी करते. शाळेत ती खो-खो खेळायची. नववीत जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली तेव्हा तिचे सर घरी आले होते. मी त्यांना चहा दिला आणि मुलीला म्हटलं, आधी दहावी कर, मग बघू. दहावी झाली. तिने परत विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "कळलं. सुरू कर."

गाणं लागलं. मैत्रीण नाचायला लागली. मी टॉवेलची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी परीक्षा दे. मग बघू."

मैत्रीण मध्येच थांबली. तिचे डोळे भरून आले. नंतर कळलं की तिच्याही घरी हेच ऐकायला मिळायचं, अगदी याच शब्दांत. गाणं चालूच होतं. वडिलांनी गाडी थांबवली नव्हती. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती हळू आवाजात मोजायला लागली, "पाच, सहा, सात, आठ," आणि मैत्रिणीने डोळे न पुसताच पुढचा नाच उचलला.

संपल्यावर मुलगी बराच वेळ मोबाइलमध्ये बघत राहिली. मग म्हणाली, "आपण शेवट बदलतोय. स्पर्धा जिंकण्याचा भाग काढून टाकू."

त्यांच्यातला एक मुलगा भडकलाच. "भावा, दोन महिने घासलाय आपण तो डान्स! माझा सगळा भाग त्यातच आहे." त्याचंही खरं होतं. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा डान्स चांगलाच झालाय. म्हणून तो वेगळा टाकू, तुझ्या नावाने. पण या गोष्टीत आता तो खोटा वाटेल." तो दिवसभर फुगून होता, पण गेला नाही. दिवे धरून उभा राहिला.

मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तिला जागा कमी पडतेय असं तुमच्या लक्षात आलं, तर काय कराल?"

"कपडे सरकवीन."

"तेवढंच करा. पण सातवर."

सात म्हणजे मोजणीतला सातवा ठोका. तो मला सापडेना. सहावर हात जायचा, नाहीतर आठवर. संध्याकाळ व्हायला आली. शेवटी एकदा हात बरोबर पडला. मी घड्यांचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला, आणि रिकाम्या झालेल्या तिसऱ्या फरशीवर मैत्रिणीचा पाय पडला. पिक्चर तिथे संपतो.

एका रविवारी आमच्या भागातल्या विहाराच्या सभागृहात तो दाखवला. तिच्या वडिलांचे जुने सोबती होते, बालवाडीतल्या बायका होत्या, आमच्या इमारतीतले बरेच जण होते. मुलीची आई माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर मी दिसले तशी ती मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही मी नाही हं!" लोक हसले. शेवटी मात्र तिने माझा हात धरला होता.

माझी मुलगीही आली होती. परत येताना जिन्यात ती म्हणाली, "आई, दहावीनंतर मी विचारलं असतं तर पाठवलं असतंस?"

मी खूप विचार केला. "माहीत नाही गं."

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणूनच विचारलं नसेल." मग मला म्हणाली की टाच डॉक्टरांना दाखव, त्या पोरीने मला फोन करून सांगितलंय.

मुंबईच्या स्पर्धेत पिक्चर निवडला गेला नाही. नाच कमी आहे, असं त्यांनी कळवलं. तिने ते पत्र मला वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा स्वतःशी वाचलं आणि तीनच्या बसने क्लासला गेली. मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. चार-पाच महिन्यांनी चिंचवडच्या एका नाटकमंडळीने तिला बोलावलं. त्यांच्यातल्या कुणीतरी पिक्चर बघितला होता. नाटकात नाच नव्हताच. एका चाळीतल्या खोलीत सात माणसं कशी वावरतात, ते तिने बसवायचं होतं.

पहिल्या प्रयोगाला आम्ही सगळे गेलो. प्रयोगाआधी तिची आई म्हणाली, "ताई, जरा तिला बोलवा. फोटो काढायचाय, नवीन ड्रेस घातलाय तिने." मी रंगमंचाच्या मागे गेले. ती नव्या ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून, स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी सांगत होती.

"आई फोटोसाठी बोलावतेय," मी म्हटलं.

"आले, काकू. उजवीकडचा दिवा उशिरा लागतोय. तेवढं बघते," ती म्हणाली आणि परत वर बघायला लागली.