भाऊसो गुळव्याची साखर

कागलच्या आसपास गुळवे पुष्कळ. पण भाऊसोसारखा गुळव्या दिवा घेऊन हुडकला तरी सापडायचा नाही, असं आम्ही नाही, खुद्द भाऊसोच सांगायचा. आणि इतक्यांदा सांगायचा, की लोकांनी वाद घालणं सोडून दिलं होतं.

खरं बोलायचं तर माणूस होताच तसा. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की जाळ घालणारा चुलव्या, मळी काढणारे गडी, गुऱ्हाळाचा मालक कृष्णात पाटील, सगळे गप्प. बोलणार एकटा भाऊसो. "जाळ मार. मार म्हणतोय न्हवं! आता वढ मागं. वढ की रं मुडद्या!" पाक चुलीवरनं कधी उतरवायचा हे ठरवणं गुळव्याचं काम. जरा अलीकडं उतरवला तर गूळ चिकट, जरा पलीकडं गेला तर काळा, आणि काळ्या गुळाकडं कोल्हापूरचा व्यापारी ढुंकून बघत नाही. दुसरे गुळवे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी धरते का बघायचे. भाऊसोही टाकायचा, पण ती गोळी मग त्याच्या तोंडात जायची. जीभ टाळूला लावून, डोळे मिटून उभा राहायचा आणि हात वर करायचा. हात वर झाला की काहील उतरली. मग आणखी एक गोळी, खात्रीसाठी. मग एक बोट, कौतुकाचं. मग काहिलीच्या कडेची खरवड, वाया जाऊ नये म्हणून.

चौऱ्याण्णव सालच्या हंगामात पाकाचा शिंतोडा त्याच्या पायावर उडाला आणि जखम काही भरेना. भरणार कशी? गडी दिवसभर राखेत उभा, आणि बसला की खपली काढत बसायचा. हळद झाली, कोरफड झाली, शेवटी त्याची बायको आक्काताई त्याला हाताला धरून राजारामपुरीतल्या डॉक्टरकडं घेऊन गेली. आक्काताई अंगानं दणकट आणि आवाजानं त्याहून दणकट. गुऱ्हाळावरचा वाघ तिच्यापुढं शेळी व्हायचा, हे गावाला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी पाय बघितला, धंदा विचारला आणि म्हणाले, "आधी साखर तपासून घ्या. रक्त आणि लघवी."

दवाखान्याला लागूनच ख्वाजा मुजावरची लॅब. ख्वाजा भला माणूस, पण त्यानं सुई वर धरली आणि भाऊसोच्या कपाळाला दरदरून घाम फुटला. उकळत्या काहिलीवर वाकून उभं आयुष्य काढलेला माणूस सुई बघून बाकड्यावर आडवा झाला.

"रक्त काढायला मी काय बोकड हाय व्हय?"

"मामा, मुंगी चावल्यागत वाटतंय नुसतं."

"मग मुंगीलाच चावू दे की! सुई कशाला?"

शेवटी ठरलं, की तूर्त लघवीवर भागवायचं. सकाळची पहिली, घरनं बाटलीत भरून आणायची.

आक्काताईनं त्या बाटलीची जी बडदास्त ठेवली, ती लग्नातल्या ताटांची कुणी ठेवत नसेल. सरबताची जुनी बाटली राखेनं घासली, कढत पाण्यानं विसळली, उन्हात पालथी घातली. झाकण मात्र कुठंतरी गेलं होतं. दुसऱ्या गावात असल्या वेळी मक्याच्या कणसाचं बुरकुंड कोंबतात. पण हंगामात भाऊसोच्या दारात ऊस नाही तर काय? तिनं वाढ्याजवळचं, म्हणजे शेंड्याकडचं कोवळं कांडं घेतलं, विळ्यानं सोललं, तासून गोल केलं आणि बाटलीत ठोकून बसवलं. एसटी खड्ड्यातनं नाचत कोल्हापूरला आली, पण थेंब सांडला नाही. आक्काताईनं ते ख्वाजाला दोनदा सांगितलं.

ख्वाजानं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, वर बाटलीतले थेंब सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आता आपल्यासमोर कुणी काही उकळतंय म्हटल्यावर भाऊसो गप्प बसतोय होय? लगेच उठून शेजारी उभा.

"जाळ जादा हुतोय, ख्वाजाभाई. तळ धरंल."

"धरत न्हाय मामा. बसा."

निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखा लालभडक रंग चढला. भाऊसोचा चेहरा खुलला. "वा रं गड्या! काय रंग आलाय! उतरवा आता, उतरवा!"

ख्वाजानं नळी उतरवली आणि बारीक तोंड करून म्हणाला, "मामा, ह्यो रंग यायला नको हुता. निळंच ऱ्हायला पायजे हुतं. साखर हाय, आन् लई हाय."

डॉक्टर म्हणाले, "रक्त बघितल्याशिवाय गोळ्या देणार नाही. तोवर गूळ बंद, साखर बंद, गोड म्हणून तोंडात घालायचं नाही." भाऊसोला वाटलं, आपल्याला गाव सोडून जायला सांगितलंय.

मग सुरू झाला तो आक्काताईचा कारभार. शेजारच्या धोंडुबाईनं कारल्याचा रस सांगितला, तो सुरू. कुणी मेथ्या सांगितल्या, कुणी जांभळाच्या बियांची पूड, त्याही सुरू. एकानं गुळवेलीचा काढा सांगितला. नावात गूळ बघून भाऊसो आशेनं प्याला, आणि दिवसभर त्याला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. संक्रांतीला घरोघरच्या गुळाच्या पोळ्या आल्या. त्याच्या वाटणीच्या आक्काताईनं खाल्ल्या. "अन्न टाकायचं नसतंय," ती म्हणायची, आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. तिला त्या दिवसांत तहानही फार लागत होती, पण इतकी धावपळ म्हटल्यावर लागणारच, असं सगळ्यांना वाटायचं.

घरातलं सोसलं असतं. पण बाई गुऱ्हाळावर येऊन बसायला लागली! काहिलीच्या शेजारी पाट टाकून, नजर भाऊसोच्या हातावर. भाऊसोनं गोळी पाण्यातनं काढली की ती हात पुढं करायची. "हिकडं द्या. मी चव बघून सांगतो."

गडी तोंडं फिरवून हसायला लागले. भाऊसोनं नाइलाजानं गोळी दिली.

"कशी हाय?"

"ग्वाड हाय."

"अगं, गूळ हाय त्यो! ग्वाड असायचाच! कशी ग्वाड हाय, ते सांग की!"

आक्काताईनं पुन्हा जीभ फिरवली. "लई ग्वाड हाय."

तेवढ्या बोलाचालीत काहील पुढं गेली. गूळ असा काळाकुट्ट निघाला, की कृष्णात पाटलानं तो बघून टोपी काढली आणि परत घातली.  दुसऱ्या काहिलीची तीच गत झाली, तेव्हा तो म्हणाला, "भाऊसो, तुझ्या हाताबद्दल मला शंका न्हाय. पण आणि एकदा आसं झालं, तर मी मलकापूरकडनं दुसरा गुळव्या आणणार. माझाबी नाइलाज हाय."

भाऊसो घरी आला आणि जेवला नाही. गुळव्या म्हणून नाव गेलं, तर मागं राहणार काय? दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चिपाडं वाळवत बसायचं? आयुष्यात त्याला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं.

त्यात आणखी एक बोच होती. पथ्य सुरू झाल्यापासनं आक्काताई बाटली घेऊन वरचेवर कोल्हापूर गाठत होती. दरवेळी बाटली घासलेली, दरवेळी कांडं ताजं, आणि दरवेळी रंग लालभडक. माणूस कारलं पितोय, मेथ्या चावतोय, आणि साखर तसूभर हलत नाही म्हणजे काय? आक्काताईला एकच अर्थ लागला. ती त्याचे खिसे तपासायला लागली, तोंडाचा वास घ्यायला लागली.

"खरं सांगा. कुठं खाताय चोरून?"

"अंबाबाईची आण! खडासुद्दा खाल्ला न्हाय गं!"

"दिसतंय की नळीत!"

भाऊसोच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर चोरून खाल्लं तेव्हा कधी सापडला नाही, आणि जन्मात एकदा इमानदारीनं वागला तर चोर ठरला. त्या रागातच तो म्हणाला, "चल! रक्तच देतो. हूं दे काय व्हायचं त्ये!"

राग राजारामपुरीपर्यंत टिकला. ख्वाजानं सुई काढली आणि तो उतरला. भाऊसो दाराकडं बघायला लागला. तेव्हा आक्काताईनं पदर खोचला आणि दंड ख्वाजापुढं धरला. "आधी माझं काढा. बघू दे ह्यास्नी. एवढा बाप्या गडी आन् सुईला भितोय!" ख्वाजानं तिचं रक्त घेतलं. तिनं हूं की चूं केलं नाही. आता माघार घ्यायची म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. भाऊसोनं डोळे मिटले, हात पुढं केला आणि अशी काही बोंब मारली, की पलीकडच्या क्लासमधली पोरं गॅलरीत आली.

"मी अंबाबाईला जाऊन येतो," आक्काताई म्हणाली. "निकाल चांगला दे म्हणून सांगतो तिला." आणि ती रिक्षात बसली.

भाऊसो बाकड्यावर दंड चोळत बसून राहिला. बऱ्याच वेळानं ख्वाजा आतनं आला तो डोकं खाजवतच. "मामा, तुमच्या रक्तात साखर न्हाय. म्हंजे जेवढी माणसाला पायजे तेवढीच हाय. मग लघवीत एवढी येती कुठनं?" आक्काताईनं सवयीनं आजही आणलेली बाटली त्यानं उचलली, उजेडात धरली, बूच उपसलं आणि बुचाकडं बघतच राहिला.

"ह्ये काय हाय?"

"ऊस," भाऊसो म्हणाला. "वाढ्याजवळचा हाय."

ख्वाजानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! एवढ्या वेळा मी उसाची साखर तपासली व्हय! आन् मलाबी बुचाकडं बघायची अक्कल झाली न्हाय!" दोघं एकमेकांकडं बघून असे हसले, की भाऊसोच्या पोटात कळ आली. त्याला तिथल्या तिथं कृष्णात पाटलाची काहील दिसायला लागली, गोळी दिसायला लागली, खरवड दिसायला लागली.

हसणं थांबलं ते ख्वाजाचं आधी. तो शेजारी बसला. "मामा, एक सांगायचंय. मामींचं रक्त घेतलंच हुतं म्हणून तपासलं. दोनदा तपासलं. साखर त्यास्नी हाय. आन् बरीच हाय."

भाऊसोला आधी कळलंच नाही. मग पोळ्या आठवल्या, तांब्यावर तांब्या पाणी आठवलं. ख्वाजा त्याला डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेतल्या, पथ्य पाळलं तर भ्यायचं कारण नाही. पण पाळलं पाहिजे.

पाळलं पाहिजे! भाऊसो तिच्याबरोबर जन्म काढलेला माणूस. अंगात ताप घेऊन रानात भांगलणीला, तण काढायला जाणारी बाई ती. स्वतःसाठी कधी कपभर काढा करून प्यायली नव्हती. "मला काय धाड भरली," म्हणणार आणि गोळ्या फळीवर ठेवून देणार. हे त्याला आजच दिसत होतं. तो डॉक्टरांशी थोडं बोलला. डॉक्टर हसले आणि मान हलवली.

आक्काताई आली ती हातात पेढा घेऊनच. "काय निघालं? चांगलं असंल तर खावा ह्यो. देवीचा हाय."

भाऊसोनं पेढ्याकडं बघितलं. पिवळाधमक, वर साखर पेरलेला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्यानं ते गिळलं.

"हाय साखर," तो म्हणाला. "बुचाच्या उसानं जरा जादा दिसत हुती. पण हाय. तुझीबी हाय थोडी."

"माझं मरू दे! तुमचं काय म्हणाले डाक्टर?"

"दोघांनी बरोबरीनं पथ्य केलं, गोळ्या घेतल्या, तरच माझी उतरंल म्हणाले. एकट्याचं टिकत न्हाय. तू चुकलीस की मीबी चुकणार. आन् कामापुरती एक गोळी जिभेला लावायला परवानगी हाय. तू गुऱ्हाळावर यायचं न्हाय."

आक्काताईनं क्षणभर विचार केला आणि पेढा दवाखान्याच्या दारात बसलेल्या एका म्हातारीच्या हातावर ठेवला. "आजपास्नं मी ग्वाड खात न्हाय. बघतोच तुमची कशी उतरत न्हाय ती."

त्या हंगामातल्या पुढच्या काहिली भाऊसोनं एका गोळीवर उतरवल्या. गूळ सोन्यासारखा निघाला, आणि मलकापूरचा गुळव्या मलकापुरातच राहिला. आक्काताई गोळ्या घ्यायची आणि भाऊसोलाही समोर बसवून घ्यायला लावायची. त्याच्या मात्र नुसत्या ताकदीच्या, ख्वाजानं गुपचूप दिलेल्या. सकाळी कारल्याचे दोन पेले भरायचे. धडधाकट माणूस वर्षानुवर्षं तोंड वाकडं करून कारलं पीत राहिला.

दोन हजार चार साली एकदा ख्वाजानं तिचा निकाल बघितला आणि खूश होऊन म्हणाला, "मामी, साखर अगदी ताब्यात हाय तुमची!"

"माझं ऱ्हाऊ दे. ह्यांची उतरली काय?"

ख्वाजानं भाऊसोकडं बघितलं. भाऊसो भिंतीकडं बघत होता.

"हाय अजून थोडी," ख्वाजा म्हणाला.

आक्काताईनं उसासा सोडला आणि पिशवी उचलली. "असू दे. भिऊ नगासा. मी हाय न्हवं."