अकरा नंबरचा गाळा

किरगीझ मुलखातल्या नारीनच्या बाजारात नवं मटण मार्केट उघडलं त्या दिवशी कालिपानंही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, पण त्यांचा आवाज काही झाला नाही. तिच्या हातात लोकरीचे जाड मोजे होते आणि ते काढायची तिची मुळीच इच्छा नव्हती. कारण दारातून आत पाऊल टाकताच समोर दिसणारा एक नंबरचा गाळा तिच्या धाकट्या जावेला मिळाला होता. बेगाइमला! तीन वर्षांपूर्वी जिला मेंढीचं काळीज कुठलं आणि फुप्फुस कुठलं हे बोट दाखवून सांगावं लागलं होतं, तिला! आणि कालिपाला अकरा नंबर. अगदी मागे, सांडपाण्याच्या गटारीला लागून, मासळीवाल्या ओरोझबेकच्या शेजारी.

"वास येतो रे तुझ्या माशांचा," पहिल्याच दिवशी ती त्याच्यावर डाफरली.

"सरोवरातून आज पहाटे आलेत. वास येतोय तो दुसऱ्याच कशाचा तरी," ओरोझबेक म्हणाला, "काहीतरी जळल्याचा."

या माणसाची जीभ पहिल्यापासून अशीच. पण खोटं बोलत नव्हता तो.

आता हे मार्केट झालं ते कुणामुळे, हेही सांगायला हवं. मेंढ्यांचं सरकारी फार्म मोडलं तेव्हा कालिपा तिथं लोकर कातरायच्या कामावर होती. फार्मची वाटणी झाली, तिच्या नवऱ्याच्या, जोलदोशच्या वाट्याला थोड्या मेंढ्या आणि एक जुनी मोस्कविच गाडी आली. पगार बंद, दुकानं रिकामी. मग जोलदोश घरी मेंढी कापायचा आणि कालिपा त्या गाडीच्या बॉनेटवर मेणकापड अंथरून बाजारात मटण विकायची. अशी बारा वर्षं. हिवाळ्यात मटण असं गोठायचं की कुऱ्हाडीचा घाव घातला तर ठिणगी उडेल असं वाटावं. उन्हाळ्यात माश्या. संध्याकाळी उरलेला माल पुन्हा गाडीत, आणि रात्री घरातल्या सगळ्यांच्या ताटात. मार्केटसाठी शहरातल्या कचेरीत खेटे घातले ते तिनं. साहेबासमोर उभं राहून, "आम्हाला छप्पर द्या, पाणी द्या, मटण ठेवायला थंड जागा द्या, दुसरं काही नको," असं म्हणाली तीही तीच. शेवटी परदेशातून मदत आली, मार्केट उभं राहिलं. पांढऱ्या फरशा, नळाला गरम पाणी, काचेची थंड कपाटं, मागे जनावरांच्या डॉक्टरची खोली आणि तपासलेल्या मटणावर मारायचा निळा शिक्का.

फक्त एक अट होती. पुढच्या रांगेतले गाळे राजधानीत जाऊन दोन आठवड्यांचं शिक्षण घेऊन येतील त्यांना.

"मला मटण तोडायला शिकवणार?" कालिपा हसली होती. "ती कॉलेजातली पोरं?"

हसण्यासारखंच होतं ते. कालिपाचा बाप मेंढपाळ, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं सांधे सोडवायची विद्या लेकीला दिली. आमच्याकडे मेंढीचं हाड फोडत नाहीत. सांध्यात सुऱ्याचं टोक घालायचं, मनगट जरा वळवायचं, हाड अख्खं बाहेर येतं. कारण पाहुण्यांच्या ताटात जातं ते नुसतं मटण नसतं, तो त्या माणसाचा मान असतो. खुब्याचं हाड, आम्ही त्याला जांबाश म्हणतो, ते थोरल्या पाहुण्याला. त्याखालचं त्याच्यानंतरच्याला. असं खाली खाली. नारीनमध्ये कुणाकडे लग्न असो की वर्षश्राद्ध, मेंढ्या कालिपाच्या हातूनच सुटायच्या.

तेव्हा ती गेली नाही. बेगाइम गेली. बेगाइम खाणीच्या गावात वाढलेली, तिचा बाप खाणीत, आई तिथल्या कँटीनमध्ये. मटण म्हणजे चमच्यानं वाढायची वस्तू, एवढंच तिला माहीत. लग्न होऊन नारीनला आली, नवरा कामासाठी रशियाला गेला, मग थोरल्या जावेच्या हाताखाली बाजारात उभी राहू लागली. तीन वर्षं कालिपानं तिला माश्या वारायला लावल्या, तागडी धरायला लावली, गोठलेली भांडी घासायला लावली. सुरा मात्र कधी हातात दिला नाही. "बघ आणि शिक," म्हणायची आणि नेमकी सांधा सोडवताना पाठ वळवायची.

आता तीच बेगाइम पांढरी टोपी घालून काचेआड उभी होती. तिच्याकडे विजेची करवत होती. एकसारखे तुकडे पाडायची, ते पसरट डब्यात रचायची, वर पारदर्शक कागद ताणून लावायची. आणि हसायची. गिऱ्हाईक आलं की हसायची, गेलं की हसायची. कालिपाला ते हसू अंगावर गरम तेल उडाल्यासारखं वाटायचं. एक नंबरपाशी कोण थांबलं, किती वेळ थांबलं, कुणी पिशवी भरून नेली, सगळं तिला पाठ असायचं. स्वतःच्या गाळ्यावरचं गिऱ्हाईक मात्र दोनदा हाक मारायचं तेव्हा तिला ऐकू जायचं.

"तिचा फ्रीज बघा कसा गुणगुणतो," एकदा जेवताना ती म्हणाली, "आणि माझा घरघरतो. मुद्दाम दिलाय मला तसला."

"दोन्ही एकाच ट्रकमधून आलेत," जोलदोश म्हणाला. "मीच उतरवलेत. जेव आता."

"तुम्ही तिचीच बाजू घ्या."

"मी फ्रीजची बाजू घेतोय, बाई."

सप्टेंबरात ती गोष्ट घडली. साबिरा आपा म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, अर्धं नारीन त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, व्याही मंडळी तालासहून यायची होती. साबिरा आपा चार मजली इमारतीत राहायच्या, मेंढी कापायला अंगण नाही, म्हणून तीन अख्ख्या मेंढ्या बाजारातूनच घ्यायच्या होत्या. तीन मेंढ्या म्हणजे सहा जांबाश, आणि तालासहून येणारे थोरले पाहुणे बरोबर सहा. त्यांच्या मोठ्या मुलाचं लग्न झालं तेव्हा मेंढ्या कालिपानंच सोडवल्या होत्या. त्या दारातून आत येताना दिसल्या तशी कालिपानं ओल्या फडक्यानं गाळा पुसून घेतला, डोक्याचा रुमाल सारखा केला.

साबिरा आपा एक नंबरपाशीच थांबल्या. बेगाइम हसली. दोघी काहीतरी बोलल्या, साबिरा आपांनी काचेतल्या मालाकडे मान डोलावून पाहिलं, आणि आल्या तशा परत गेल्या. अकरा नंबरपर्यंत आल्याच नाहीत.

कालिपाच्या हातात फडकं तसंच राहिलं. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख एवढं नव्हतं. पण लग्नाच्या मेंढ्या! नारीनमध्ये तिची जी काही ओळख होती ती तेवढीच होती, आणि ती आता त्या पांढऱ्या टोपीकडे चालली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मार्केट रिकामं होतं. बेगाइमनं पहिली मेंढी फळीवर घेतली, मागची तंगडी करवतीखाली धरली आणि तिथूनच हाक मारली, "जाऊबाई! हे साबिरा आपांचं हं. लहान लहान तुकडे करते, ताटात बरे दिसतील. चालेल ना?"

कालिपानं मान वर केली. करवतीचं पातं बरोबर खुब्याच्या हाडावर टेकलं होतं. जांबाशच्या मधोमध. एक शब्द पुरला असता. नुसतं "थांब" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"चालेल की," ती म्हणाली. "छानच दिसेल."

करवत किरकिरली. ओरोझबेक त्या वेळी बर्फ आणायला गेला होता, नाहीतर त्यानं आरडाओरडा करून मार्केट डोक्यावर घेतलं असतं.

दोन मेंढ्या झाल्यावर बेगाइम दमली. किटलीतून मीठ घातलेला दुधाचा चहा घेऊन मागे आली, सोबत घरून आणलेले बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर तुकडे. दोघी जावा उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसून चहा प्यायल्या. तिसरी मेंढी अजून फ्रीजमध्ये अख्खी टांगलेली होती. तिचे दोन जांबाश अजून वाचले असते. बेगाइम आपल्या नवऱ्याच्या पत्राबद्दल सांगत होती. कालिपा "हं, हं" करत होती आणि मनात म्हणत होती, सांगीन, हा कप संपला की सांगीन. कप संपला. तिनं दुसरा भरून घेतला. तोही संपला. बेगाइम उठून गेली आणि करवत पुन्हा सुरू झाली.

त्या संध्याकाळी कालिपानं घरी स्वतःहून पुलाव केला. खूश होती ती. जोलदोशनं कारण विचारलं नाही, बायको खूश असताना कारण विचारण्याइतका तो भोळा नव्हता.

लग्नाच्या दिवशी काय झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी ओरोझबेकनं सांगितलं. त्याची बहीण तिथं वाढायला होती. माल थेट हॉलच्या स्वयंपाकघरात गेला. डबे उघडले तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या दारात लागल्या होत्या, दुसरी मेंढी आणायला वेळ कुठला? तसंच शिजवलं, तसंच वाढलं. वरातीतल्या सगळ्यात थोरल्या म्हाताऱ्यानं ताटातला तुकडा उचलला, फिरवून पाहिला, हाडाच्या कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि अगदी हळू विचारलं, "याचा दुसरा अर्धा कुणाला दिलात, विहीणबाई?" दुसरा अर्धा त्याच्या धाकट्या भावाच्या ताटात होता. साबिरा आपा, ज्यांच्यासमोर पोलीस अधिकारीही बूट पुसून उभे राहतात, त्या सगळ्यांसमोर रडल्या.

कालिपाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

तेवढ्यात साबिरा आपा आल्याच. सरळ एक नंबरपाशी. गिऱ्हाइकं, कोंबडीवाल्या बायका, डॉक्टरच्या खोलीतला शिपाई, सगळे गोळा झाले.

"अक्कल कुठं ठेवली होतीस?" साबिरा आपांचा आवाज छताला लागला. "किरगीझ आईच्या पोटी जन्मलीस ना तू?"

बेगाइमनं टोपी काढून हातात घेतली होती. "चूक माझी आहे, आपा. मला कळत नव्हतं, आणि मी नीट चौकशी केली नाही. मी तालासला जाते. त्या आजोबांच्या पाया पडते."

कालिपा मागे उभी राहून आपलं नाव निघायची वाट पाहत होती. आता निघेल, आता निघेल. निघालं नाही. शेवटी साबिरा आपांनीच मान वळवली. "आणि तू गं, कालिपा? तू तर इथंच असतेस. तुझ्यादेखत झालं हे? तुला कुणी विचारलं नाही?"

सगळ्यांच्या नजरा अकरा नंबरकडे वळल्या. कालिपाचं तोंड उघडलं, पण त्याआधी बेगाइम बोलली.

"मी विचारलं होतं त्यांना, आपा. पण इतक्या लांबून त्यांना दिसलं नसणार. त्यांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. त्यांना बोल लावू नका."

साबिरा आपांचा चेहरा निवळला. "हो का गं? अगं मग चष्मा घे ना, कालिपा. वय काय कुणाला चुकलंय?" कोंबडीवाल्या बायका चुकचुकल्या. एका गिऱ्हाइकानं कालिपाच्या हातातल्या सुऱ्याकडे पाहिलं आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं.

कालिपाला सगळं लख्ख कळलं. नुसतं "हो" म्हटलं की सुटले. पण मग उद्यापासून नारीनभर एकच होणार, कालिपाला दिसत नाही, तिच्या हातात सांधे देऊ नका. आणि तेही त्या पोरीनं दयेनं दिलेलं! बेगाइम तिच्याकडे पाहत होती. त्या नजरेत डाव नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. जाऊबाईंना दिसलं असतं तर त्या बोलल्याच असत्या, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

"माझे डोळे शाबूत आहेत," कालिपा म्हणाली.

"अगं, पण..."

"मला दिसलं होतं. पातं जांबाशवर टेकलं तेव्हाच दिसलं होतं. मी बोलले नाही."

साबिरा आपांनी पिशवी खांद्यावर सारखी केली आणि त्या निघून गेल्या. त्यांच्यामागून एकेक करून बाकीचेही पांगले. बेगाइम मात्र टोपी हातात घेऊन सावकाश अकरा नंबरपर्यंत चालत आली.

"का, जाऊबाई?"

कालिपानं तिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराजवळच्या त्या काचेकडे पाहिलं. तेवढं पुरलं. बेगाइमला समजलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"एवढंच होतं तर मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी दिला असता की तुम्हाला तो गाळा."

दिला असता. कालिपाला ते पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी दिला असता, हसत हसत, स्वतः सामान उचलून इकडं गटारीपाशी आली असती. आणि भर मार्केटात, सगळ्यांसमोर एवढी उघडी पडलेली असतानाही कालिपाला तिच्या त्या सहज देऊन टाकण्याचाच हेवा वाटला.