मंत्र्याचा सेक्रेटरी

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझं लग्न नवं होतं. मी शिरपूरच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा नोकरीसाठी अकोल्याला राहायचा. घरात सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांना मामाजी म्हणायची रीत, पण हाक मारायची वेळच फारशी येत नसे. आमच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, भांडण्यासारखंही नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुटीत मामाजींचा चष्मा करायला आम्ही तिघं वाशिमला गेलो. काचा संध्याकाळी मिळणार होत्या. ऊन इतकं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. सासूबाईच म्हणाल्या, "टाकीजमंदी बसू. थंड असते म्हनतात."

सिनेमा कोणता, हे कोणी विचारलंच नाही. पोस्टरवर एक पाठमोरा माणूस होता, बस. मला वाटलं होतं, गाणी असतील. एकही नव्हतं. एका मंत्र्याच्या सेक्रेटरीची गोष्ट होती. मंत्री दौऱ्यावर जातो आणि हा कचेरीत थांबतो. फोन वाजतो. मंत्र्याच्या गाडीला अपघात झाला, मंत्री गेले. सेक्रेटरी ऐकून घेतो, फोन ठेवतो, सुरईतलं पाणी ओतून पितो आणि ग्लास टेबलावर ठेवतो. इतका हळू, की जराही आवाज होत नाही. आता हा रडेल, ओरडेल म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. तो खुर्चीत बसला, झालं.

पुढे कितीतरी वेळ काही घडेना. लांबच लांब व्हरांडे, बंद होणारी दारं, याला पाहून बोलणं थांबवणारी माणसं. मग हळूहळू कळत गेलं की गाडीचा ड्रायव्हर आदल्या दिवशीच बदलला होता आणि मंत्री उतरले होते त्या डाक बंगल्याचा खानसामा कुठेतरी निघून गेला होता. सेक्रेटरी एकेकाला भेटत, विचारत हिंडतो. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, मारामारी कवा हाय?" काहीजण उठून गेले. मीही उठले असते, पण मामाजी तुटक्या काडीचा जुना चष्मा बोटानं नाकावर दाबून पुढे झुकून बसले होते.

शेवटी नव्या मंत्र्याचा सत्कार होतो. तो सेक्रेटरीच्या खांद्यावर हात ठेवतो. सेक्रेटरी किंचित हसतो आणि पडद्यावर अंधार.

कूलरच्या वाऱ्यात गाढ झोपलेल्या सासूबाई दिवे लागल्यावर जाग्या झाल्या. "मेला कोन?"

"मंत्री," मी म्हटलं.

"कोनं मारला?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये मामाजी आपणहून बोलले. "सेक्रेटरीनंच मारला. पानी कसं पेला, पायलं नाई तू? ज्याले बातमी नवी असते, त्याच्या हातातून गिलास पडते."

"नाई मामाजी," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं. "माझा भाऊ तापानं गेला तवा माय दिवसभर भांडी तशीच ठेवत होती. आवाज सोसत नव्हता तिले."

ते म्हणाले, "मी सरपंचकीले पडलो ना, तवा मले सांगाले जो पयला आला, तोच फिरला होता. त्याचं थोबाड असंच होतं. धुतल्यावानी."

पुढच्या बाकावरचा माणूस वळला. "कोन्ता मंत्री मारला जी?"

"शिनेमातला," मामाजी म्हणाले. आणीबाणीत असा विषय निघाला असता, तर सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं असतं.

घरी आठवडाभर तेच चाललं. मी भाकरी थापत असले की मामाजी दारात येऊन उभे राहायचे. "मंग शेवटी हासला काहून?" मी काहीतरी उत्तर द्यायची आणि ते मलाच पटायचं नाही. शेवटी ते म्हणाले, "पुन्हा पाहू." सासूबाई कुरकुरल्या, "झोपाले मले घरी खाट हाय," पण आल्या. या खेपेला मामाजींच्या नाकावर नवा चष्मा होता.

मी फक्त त्या नटाकडे पाहायचं ठरवलं होतं. फोन वाजण्याआधी तो समोरची फाइल बाजूला सारतो आणि फोनकडे बघतो. मग फोन वाजतो. हे पहिल्या वेळी मला दिसलंच नव्हतं. याला माहीत होतं! की कामातून नुसती मान वर केली होती? तेवढ्यात प्रसंग संपलाही.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मामाजी, तुमचं बरोबर होतं."

ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. डोळे ओले होते. "नाई बाई, तुहंच खरं. एकटा पडला तो मानूस. हासन नाई तं काय करन?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाई वैतागल्या. "मंग त्या दिवशी दोघं काय पाहून राह्यले होते?" या वेळी त्या पूर्ण जाग्या होत्या. चार पावलं चालून म्हणाल्या, "त्या मानसानं सबन शिनेमात एक घास खाल्ला नाई. कोनं इचारलंबी नाई त्याले."

आम्हा दोघांच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. ज्याला भूक लागत नाही तो अपराधी, की दुःखी? मामाजी म्हणाले, अजून एकदा पाहिलं तर कळेल. पण पुढच्या खेपेला तिथे देवादिकांचा सिनेमा लागला होता.

नवरा रजेवर आला, तेव्हा आम्ही तिघांनी त्याला गोष्ट सांगितली. त्यानं निमूटपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तुमी एकच शिनेमा पायला ना?"

तो नट पुन्हा मला कुठे दिसला नाही. चेहरा तसा साधाच, पोस्ट ऑफिसात समोर आला असता तर ओळखलाही नसता. एवढं कमी करून त्यानं आम्हाला इतकं कसं गुंतवलं, हे मला अजून सांगता येत नाही. त्यानं मारलं की नाही, हेही नाही. पण त्या सुटीनंतर गावात कोणी गट बदलला, की मामाजी मला आवर्जून विचारायचे, "बाई, तुले काय वाटते?"

"समजत नाई, मामाजी."

"मलेबी नाई," ते म्हणायचे आणि समोर बाज ओढून बसायचे.