तिसऱ्या डब्यातली पूड

मी कासाराची मुलगी. वडिलांचं नगरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं आणि दुकानात दोन गोष्टी कडक पाळायच्या होत्या. बांगडी 'फुटली' असं म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. आणि बाईच्या हातात ठरल्याहून एक बांगडी जास्त भरायची. ती वरची बांगडी कासाराकडून, आशीर्वादाची. कासाराचा हात मोजून थांबला की दुकान बसलंच म्हणून समजा, असं वडील म्हणायचे. ही वरचं घालायची सवय माझ्या हाडात मुरली. त्या सवयीपायी, आणि तिच्या जोडीला बोललेल्या एका खोट्या शब्दापायी, माझ्या नणंदेची पोरगी तिच्यापासून तुटली. हे सांगायला मला फार उशीर झाला, पण तो उशीर हाच या हकिकतीचा गाभा आहे.

लग्न होऊन मी भिंगारला आले. सासरही कासाराचंच, पण गाठोडं खांद्यावर टाकून आठवडी बाजार हिंडण्याचा नवऱ्याला कंटाळा. त्याला लष्कराच्या कॅम्पातल्या एका वर्कशॉपात इलेक्ट्रिशियनची नोकरी होती. नव्वदीच्या सुरुवातीला त्यानं मागच्या पडवीत भट्टीच्या विटा रचून, आत कॉइल बसवून ट्रंकेएवढी विजेची भट्टी बांधली. तिच्यात त्याला काय भाजायचं होतं देव जाणे. आठवड्याभरात ती मी ताब्यात घेतली. काचेचे तुकडे एकमेकांवर रचायचे आणि भट्टीत ठेवायचे. ते मऊ होतात आणि एकमेकांना धरतात. मग दीड दिवस भट्टीचं दार उघडायचं नाही, काचेला सावकाश निवू द्यायचं. मी कानातली करायची, मणी करायची, छोट्या ताटल्या करायची. कॅम्पातल्या साहेबांच्या बायका हौसेनं न्यायच्या. मध्येच वीज गेली की सगळी मेहनत पाण्यात, आणि वीज तर पाहुण्यासारखी यायची.

काचेचं काम म्हणजे निम्मं घासकाम. पाणी सोडत फिरणाऱ्या दगडी चाकावर कडा घासायच्या, की खाली परातीत पांढरट गाळ बसे. 'गटारात ओत की,' शेजारीण म्हणायची. मी बरी ओतेन! गाळ निवळला की वरचं पाणी काढायचं, गाळ उन्हात वाळवायचा, तोंडाला फडकं बांधून मलमलीतून चाळायचा. मग फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक कागदात गुंडाळून पुडीवरून फिरवायचं, कारण लोखंडाचा एक कण राहिला तरी काचेवर काळा डाग येतो. अशी पूड काचेवर भुरभुरली की भट्टीतून निघताना तिची साय धरलेली असते.

पुडीचे माझे तीन डबे होते. पहिल्यात निव्वळ बांगडीची पूड, दुसऱ्यात खिडकीच्या तावदानांची. या दोघींचं जमत नाही. भट्टीत त्या एकजीव होतात, पण निवताना एक जास्त आखडते, एक कमी. दोन जावांसारखं, पाहुण्यांपुढे गोड आणि आत ताण. मग कधी तासाभरात, कधी महिन्याभरानं, कुणी हातही न लावता ती काच तडकते. माझ्या किती ताटल्या अशा गेल्या तेव्हा मला हे कळलं. तिसऱ्या डब्यात चाकाखालचं, ओट्यावरचं, झाडून गोळा केलेलं सगळं. त्यात काय किती आहे हे मलाही ठाऊक नसे. ती पूड मी फक्त मण्यांना वापरायची, कारण मणी लहान, तो ताण सोसतो.

वन्सं, म्हणजे माझी ही नणंद, जामखेडकडच्या एका गावात दिली होती. तेही कासाराचं घर. त्यांचा नवरा आसपासच्या बाजारांना बांगड्या घेऊन जायचा आणि सासू घरातल्या दुकानात गावच्या बायकांना बांगड्या भरायची. एका बाजाराला निघताना तो प्रवाशांनी भरलेल्या वडाप जीपला मागून लटकला आणि जीप वळणावर उलटली. वन्सं तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. पोरगी चार वर्षांची.

दहाव्याच्या दिवशी ओढ्याकाठी त्यांच्या बांगड्या फोडल्या. दगड गावातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातात होता. मनगट मी धरलं होतं. 'तू धर गं, तुला हात धरायची सवय हाय,' म्हणून मलाच पुढे केलं. खरंच सवय होती. बांगडी भरताना मनगट हलू न देता कसं धरायचं ते मला वडिलांनी शिकवलं होतं. वन्संनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला आणि मी तो ओढू दिला नाही. याचीही मला लाज वाटते, पण तिथे मी एकटी नव्हते. पुढे जे केलं ते एकटीनं केलं.

दोन महिन्यांनी वन्सं पोरीला घेऊन चार दिवस भिंगारला आल्या. आल्या त्या दिवशी दुपारी माझ्याजवळ पडवीत बसल्या आणि पदराची गाठ सोडली. आत हिरव्या काचेचे तुकडे होते. ओढ्यावरून सगळे उठल्यावर त्यांनी ते वेचले होते.

"वहिनी, ह्याचं कायतरी एक करून द्या. टाकवत न्हाई."

"काय करू?"

"काय बी. ह्यांच्या फोटोफुडं ठिवता येईल असं. पन निस्तं ह्याचंच पायजे. दुसरं काय मिसळू नका."

मग बोलता बोलता बाकीचं निघालं. बांगड्यांच्या घरात विधवेला काही काम उरत नाही. ती कुणाच्या हातात बांगडी भरू शकत नाही, सासू मालाला हातही लावू देत नव्हती. उठता-बसता पायगुण काढायची. वर्षश्राद्ध झालं की तू तुझ्या भावाकडं जा, पोरगी आमची आहे, असं तिनं तोंडावर सांगितलं होतं.

"घरात माजं म्हनून कायच न्हाई बघा," वन्सं म्हणाल्या. "येवढं येक तरी ह्यांच्याफुडं असूद्या. ते असलं तर मला बी कुनी उठ म्हननार न्हाई."

मी तुकडे धुतले, पुसले, वर्तुळात रचले. जेमतेम तळहाताएवढं झालं. एका बाईचा सगळा संसार आणि त्याची एवढीशी चकती? कासाराचा हात तिथे थांबायला तयार होईना. खाली पुडीचा जाड थर दिला तर छान बशीएवढी ताटली होईल, असं मनात आलं. पहिला डबा उघडला तर रिकामा. दिवाळीच्या ताटल्यांना सगळी पूड लागली होती. मी तिसरा डबा उघडला. त्यात बांगडीचीच पूड जास्त असेल, असं स्वतःला सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. माहीत नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं.

ताटली निघाली ती इतकी सुंदर, की तशी मी आधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. मध्ये हिरवे तुकडे पाण्यात दिसावेत तसे, भोवती दुधाळ काठ. वन्संनी ती दोन्ही हातांत घेतली.

"निस्तं माझ्याच बांगड्यांचं हाय ना?"

"तुमच्याच. दुसरं काय घालीन?"

हे बोलताना मला काही वाटलं नाही. उलट वाटलं की आपण पुण्य केलं.

दहा-बारा दिवसांनी शेजारच्या दुकानात वन्संचा फोन आला. गावच्या एसटीडी बूथवरून ओरडून बोलत होत्या. सासूनं ताटली हातात घेऊन खूप वेळ बघितली, रडली आणि आपल्या हातानं पुसून लेकाच्या फोटोपुढं ठेवली. म्हणाली, आजवर काचंला इतकी किंमत कुणी दिली न्हाई. दुसऱ्या दिवशी तिनं वन्संना माल निवडायला बसवलं. मोजून माळा ओवायच्या, एवढंच काम, पण मालाला हात लागला. फोन ठेवल्यावर मी वाटीभर साखर शेजारी वाटली.

पुढच्या महिन्यात नवरा बहिणीला भेटायला गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन परत आला. भर दुपारी सगळी जेवायला बसली असताना ताटली फुटली होती. जवळ कुणी नव्हतं, वारा नव्हता, मांजर नव्हतं. टच् असा आवाज झाला आणि फोटोपुढं दोन भाग पडले. सासू ताटावरून उठली आणि म्हणाली, "बघ. त्याला बी तू नको हाईस."

मी फुटलेली कड उजेडात धरली. हिरवी काच वर आणि माझा दुधाळ थर खाली, आणि तडा नेमका त्या थरातून सुरू झालेला. मला क्षणात कळलं.

"असं कसं गं फुटलं?" नवऱ्यानं विचारलं.

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं.

जामखेडची एसटी नगरहून सकाळी निघे. मी तिच्यात बसून जायला हवं होतं. सासूपुढं उभं राहून म्हणायला हवं होतं, की बाई, तुम्हीही काचेतल्याच, ही कड बघा, ही माझी चूक आहे, तुमच्या लेकाचा यात काही संबंध नाही. तिला पटलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण तिनं आयुष्यभर काच हाताळलेली, दोन रंगांचे थर तिला दिसले असते. मी गेले नाही. गेले असते तर वन्संना कळलं असतं, की मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. एवढंच कारण. मी त्याला पुष्कळ दिवस दुसरी नावं दिली. भट्टी चालू आहे, माझ्या पोराची परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ.

वर्षश्राद्धानंतर वन्सं पत्र्याची एक पेटी घेऊन आमच्याकडे आल्या. पोरगी तिथेच राहिली. नवरा दोनदा जाऊन भांडून आला, पण पोरगी आजीला बिलगलेली, गाव आजीच्या बाजूनं. वर्षातून दोनदा तिला चार दिवस आणायचं, एवढंच ठरलं. ती आजीला आई म्हणायची आणि आईला म्हणायची, भिंगारची.

वन्संनी कधी तक्रार केली नाही. त्या माझ्यासोबत पडवीत बसू लागल्या. गाळ वाळवणं, चाळणं, चुंबक फिरवणं सगळं शिकल्या आणि माझ्याहून नेटकं करू लागल्या. तोंडाला फडकं बांधून त्या तिसऱ्या डब्यात पूड भरायच्या आणि मी समोर बसून कडा घासायची. अशी सहा वर्षं गेली. माणूस काय काय गिळून रोज जेवू शकतं, याचा मला अजून अचंबा वाटतो.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी आली. अकरा-बारा वर्षांची झाली होती. जेवता जेवता तिनं सरळ विचारलं, "आजी म्हनती, तुज्यामुळं बाप गेला. व्हय का?"

वन्संनी घास खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "व्हय."

पोरगी गेली त्या दिवशी मी सगळं सांगून टाकलं. रिकामा डबा, तिसरा डबा, खोटं, तुटलेली कड, सगळं. वन्सं पूड चाळत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वहिनी, आता कशाला? मी कवाच मनाला सांगून बसलेय. माझ्यासाठी खोटं बोलू नका."

"खोटं तेव्हा बोलले होते. हे खरं आहे."

"असू द्या."

मग मला हट्ट चढला. वाटलं, डोळ्यांनी दाखवते. दुकानातून हिरव्या बांगड्या आणल्या, तितकेच तुकडे केले, तसेच रचले, खाली तिसऱ्या डब्यातल्या पुडीचा तसाच जाड थर दिला. त्यांच्यादेखत भट्टी लावली, त्यांच्यादेखत उघडली. ताटली फडताळावर ठेवली आणि म्हटलं, आता बघा, हात न लावता फुटेल.

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. आठवडा गेला, महिना गेला. लष्कराच्या रेंजवर सरावाच्या तोफा सुरू झाल्या की आमची तावदानं थरथरायची, ताटली जागची हलायची नाही. पावसाळा गेला, थंडी आली. मी मनातल्या मनात तिला फुटायला विनवायची. त्या डब्यात सहा वर्षांत कुठली पूड किती पडली होती, याचा हिशेब कोण सांगणार? आता नेमकी निव्वळ बांगडीचीच वर आली असेल. हे मी वन्संना समजावूनही सांगितलं. सांगताना मलाच ती सबब वाटली.

संक्रांतीच्या सुमारास एकदा त्या ताटली पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी ती जागेवर ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला.

"बघितलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या पुडीत काय बी वाईट न्हवतं. उगं जिवाला लावून घेऊ नका, वहिनी. माजंच नशीब."

आणि त्या मला थोपटत राहिल्या. फडताळावरची ताटली अजून धड आहे.