टँकरच्या पाण्यानं पांढरे पडलेले अजगर

माणसाची फजिती चारचौघांत होते. माझी चाळीस घरांत झाली, ऐन दुष्काळात झाली आणि पाण्यावरून झाली. कशी, ते सांगतो. हसायचं असेल तर मधेच हसा, मला सवय झालीय.

शहर तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं. आमची कॉलनी नवी, रस्ता कच्चा आणि बोअर कोरडे. आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा, हौदात रिकामा व्हायचा आणि त्यावर सगळी घरं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. त्यामुळं कुणाला अंगावर पित्त उठलं, कुणाला कुत्रं चावलं, की आधी रत्नपारखी सरांना विचारायचं आणि मग डॉक्टरला, असा कॉलनीचा रिवाज होता. मलाही ते बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

शेजारी नसरीन राहायची. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि घरात अजगर पाळलेले. दचकू नका. आपल्याकडचे नव्हेत, आफ्रिकेतले बॉल पायथन. दोन-अडीच हात लांबीचा गरीब जीव, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो. तपकिरी अंगावर काळी नक्षी. तिची अम्मी मात्र त्यांच्यापायी लेकीकडं राहायलाच येत नसे.

त्या उन्हाळ्यात नसरीनच्या मादीनं सहा अंडी घातली होती. ती थर्माकोलच्या पेटीत उबवायला ठेवलेली, आणि नेमकं नसरीनला पाच-सहा दिवस पुण्याला ट्रेनिंगला जायचं आलं. चावी माझ्या हातात देऊन ती म्हणाली की सर, अख्ख्या कॉलनीत न घाबरणारे तुम्हीच. पेटीतली डिग्री बघायची, वाटीत पाणी टाकायचं, बास. पाणी तेवढं फिल्टरचं टाका.

आता आमचा फिल्टर एक तांब्या गाळायला तीन तांबे सांडतो. म्हणून माझ्या बायकोनं, वैशालीनं, तो बंदच करून टाकला होता. मग मी वाटीत टँकरचं पाणी टाकलं. रोज टाकलं. वाटीभर पाण्यानं काय होतंय, असा माझा शास्त्रीय विचार.

पाचव्या दिवशी सकाळी पेटी उघडली आणि जागच्या जागी गार पडलो. अंडी फुटली होती. चार पिल्लं आईबापासारखी, नक्षीदार. आणि दोन? डोकं तपकिरी, मान तपकिरी, आणि खाली चुन्यात बुडवून काढल्यासारखं पांढरंफट्ट. मधेच एखादा नक्षीचा तुकडा, पुन्हा पांढरं. फिल्टरचं पाणी टाका म्हणाली होती आणि मी काय करून बसलो?

टँकरच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास तर येतच होता. वाटीतल्या पाण्याची वाफ, वाफ अंड्यावर, अंड्यातून कातडीवर. माझा सिद्धांत मिनिटाभरात तयार झाला. नसरीनला फोन करायची हिंमत नव्हती. पण हेच पाणी चाळीस घरं पितायत, हे लक्षात आलं आणि मी आणखीच हबकलो. कॉलनीच्या ग्रुपवर, नसरीन त्यात नव्हती हे नशीब, मेसेज टाकला: टँकरच्या पाण्यात घातक रसायन आहे, त्यानं कातडीचा रंग जातो, पिऊ नये, अंगावर घेऊ नये. खाली स्वतःचं नाव, पदवीसकट. सोबत पिल्लांचा फोटो.

पुढचं काय विचारता! एकीला कोपरावर डाग सापडला. एकाला आपल्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका दिसला. तो तिला जन्मापासून होता. पाणी कमिटीचे अध्यक्ष गंगाधर जाधव, सोयगावकडचे शेतकरी गडी, ते दहा वाजता फाटकावर टँकरच्या आडवे उभे राहिले. ड्रायव्हर बिचारा खाली उतरला, त्यानं ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. मी जाधवांच्या कानात म्हणालो, परिणाम दिसायला वेळ लागतो. टँकर परत गेला. आमचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नसरीन आली. थेट पेटीपाशी गेली, झाकण काढलं आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. मी हात जोडले. सगळं कबूल केलं, फिल्टर, टँकर, वाटी. नवी अंडी कुठं मिळतील ते सांग, पुण्याहून आणतो म्हणालो.

तिनं डोळे पुसले आणि ती दोन पांढरी पिल्लं हळूच तळव्यावर घेतली.

"सर, चार साल रुकी मैं इन दोनों के लिए."

मग तिनं समजावलं. नर आणि मादी दोघंही दिसायला साधे, पण दोघांच्या अंगात पांढऱ्या रंगाचा एकेक जनुक लपलेलं. पिल्लाला एकाकडूनच मिळालं तर काही दिसत नाही. दोघांकडून मिळालं, की रंगाच्या पेशी अंगभर पोचतच नाहीत, तेवढी जागा पांढरी राहते. चारातल्या एकाला असं होऊ शकतं. म्हणून तर तिनं ही जोडी पारखून लावली होती.

"पाण्यानं नाही हो सर," ती म्हणाली. "आईबापाकडून आलंय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. अहो, जांभळ्या फुलांच्या दोन वाटाण्यांपासून पांढऱ्या फुलाचं रोप कसं येतं, हे मी वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवत होतो! परीक्षेत हमखास येतं, असंही सांगत होतो.

संध्याकाळी फाटकापाशी सगळे जमले. रिकाम्या हौदाच्या भिंतीवर खडूनं जनुकांची चौकट काढून मी खुलासा केला. जाधव शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे पाण्याचा काय बी संबंध नाय?"

"नाही."

"आन् हे समदं लिवलेलं कुठंय?"

"बारावीच्या पुस्तकात."

"मग आपल्या इथं कुणाला म्हाईत नव्हतं व्हय?"

चाळीस घरं माझ्याकडं बघत होती. मी खडू खिशात घातला.

पुढचे चार दिवस लोकांनी नातेवाइकांकडून कॅन भरून आणले. मी आणि वैशाली आंघोळीला उस्मानपुऱ्यात मेहुणीकडं जायचो, आणि तिथंही किस्सा आमच्या आधी पोचलेला. भांडण कुणी केलं नाही. फक्त कमिटीनं एक ठराव केला: रत्नपारखी सरांचा कुठलाही शास्त्रीय मेसेज आधी वैशालीवहिनी वाचतील, मगच ग्रुपवर टाकला जाईल.

वैशाली बी.कॉम. आहे. परवाच पाणी जपून वापरण्यावर मी पानभर शास्त्रोक्त मजकूर लिहिला. तिनं चष्मा लावून वाचला, खोडत खोडत शेवटाला आली आणि एवढंच ठेवलं: टँकर उद्या दहाला येईल.